पाव टनाची गाडी

आमच्या घरात आलेली पहिली चारचाकी अमेरिकेच्या लष्करासाठी बेतलेली होती, मुंबईत तयार झाली होती, कुठल्याशा सरकारी खात्यानं वापरून लिलावात काढली होती, फलटणकडच्या एका ठेकेदारानं मागून कापून लांब केली होती, आणि तिच्यात इंजिन ट्रॅक्टरचं होतं. १९८७ साली मी ती साडेसत्तावीस हजाराला घेतली. तिच्या आर.सी. बुकात मात्र यातलं काहीच नव्हतं. तिथं एवढंच होतं : जीप, खासगी, पेट्रोल.

जीप मी पहिल्यांदा जवळून बघितली ती बहात्तरच्या दुष्काळात. आमचं रान अकलूजच्या शिवारात, नीरेच्या कॅनॉलखालचं. पाणी आटलं तरी आमच्याकडं वैरण-पाण्याची अगदीच दशा झाली नव्हती. पण मामाचं गाव पिलीवकडं, माळशिरस तालुक्याच्या कोरड्या अंगाला. मी बारा वर्षांचा होतो. मामा-मामी दोघंही खडी फोडायला जायचे आणि मी मामाच्या धाकट्या पोराला सांभाळत कामावर बसलेला असायचो. दुपारी लांबवर धुरळा उठला की मुकादम ओरडायचा, ‘आला रं सायब!’ सगळ्यांचे हातोडे एकदम चालू व्हायचे. धुरळ्यातनं उघडी, चपट्या काचेची, करड्या रंगाची जीप बाहेर यायची. साहेब उतरायचा, वहीत बघायचा, निघून जायचा. मी साहेबाकडं कधी बघितलंच नाही. मी बघायचो ते तो ड्रायव्हर पायाजवळचा लहान दांडा ओढून नाल्याच्या वाळूतनं गाडी वर कशी काढतो ते. जिथं बैलगाडीला चार माणसांनी खांदा द्यावा लागायचा तिथनं ती घुरघुरत चढायची. मामा म्हणायचा, ‘ही लढाईतली गाडी हाय. हिला रस्ता लागत न्हाय.’

मामाचं म्हणणं खरं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात युरोप हिटलरच्या घशात चालला होता. अमेरिकेच्या लष्कराला घोड्याच्या आणि साइडकारवाल्या मोटारसायकलच्या जागी एक हलकी, चारी चाकांनी ओढणारी गाडी पाहिजे होती. नमुन्याची गाडी करून द्यायला मुदत दिली ४९ दिवसांची. पेनसिल्व्हानियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या एका लहान, टेकीला आलेल्या कंपनीनं ती मुदतीत करून दाखवली. पण लग्नात राबणारा एक आणि पंगतीला पहिला बसणारा दुसराच, तसं झालं. मोठं काम गेलं टोलेडोच्या विलीज कंपनीकडं आणि तिच्या जोडीला फोर्डकडं. विलीजचं साठ घोड्यांचं इंजिन जोरकस होतं आणि हजारोंनी गाड्या काढायची ताकद बँटमकडं नव्हती, हेही खरं. लढाई संपेपर्यंत ह्या दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या.

लष्कराच्या कागदावर हिचं नाव जीप नव्हतंच. तिथं लिहिलेलं असायचं ‘ट्रक, पाव टन, फोर बाय फोर’. म्हंजे बघा, जन्मकागदाप्रमाणं ती ट्रकच. फक्त पाव टनाचा. हा पाव टन ध्यानात ठेवा.

ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना अमेरिकेनं आसाममधल्या लेडोपासून चीनच्या दिशेनं रस्ता काढला, आणि त्या निमित्तानं हिंदुस्थानात ट्रका, जीपा, बुलडोझर असं अमाप सामान उतरलं. लढाई संपल्यावर ते परत न्यायचं तर भाडं मालापेक्षा जास्त. १९४६ साली अमेरिकेनं हिंदुस्थान सरकारशी हिशोब मिटवला आणि इथलं उरलेलं सामान सरकारच्या गळ्यात आलं. सरकारनं ते लिलावात काढलं. आमच्या लहानपणी ‘डिस्पोजलचं’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होता. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची ट्रक. स्वस्त, जाडजूड आणि मरणार नाही असं, हा त्याचा अर्थ. डिस्पोजलच्या जीपचं स्टेअरिंग डाव्या हाताला असायचं. अमेरिकेत गाड्या उजवीकडनं चालतात. आपल्याकडं असली गाडी चालवताना पुढच्या बैलगाडीला मागं टाकायचं तर शेजारी बसलेल्यानं बाहेर मुंडी काढून सांगायचं, ‘हाण!’

पुढं जीप इथंच व्हायला लागली. १९४५ साली लुधियान्यात महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाचा व्यापार करायला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनी काढली होती. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ साली कंपनीच्या पाटीवरचं मोहम्मद हे नाव जाऊन तिथं दुसऱ्यांदा महिंद्रा आलं. ह्या कंपनीनं मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली आणि हळूहळू एकेक भाग इथंच पाडला. आपल्याकडं जी सगळ्यात जास्त दिसायची ती उंच बोनेटची. तिच्यातलं नवं पेट्रोल इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते आत मावेना म्हणून बोनेटच वर उचललं. दिसायला जरा फुगल्यासारखं. अमेरिकेत हे रूप १९६८ साली बंद झालं. आपल्याकडं ते पुढं कितीतरी वर्षं निघत राहिलं.

जुनी जीप कुठली हे ओळखायची एक सोपी खूण मिस्त्री सांगतात. पुढच्या पत्र्याच्या जाळीच्या उभ्या फटी मोजायच्या. नऊ असल्या तर लढाईतली, सात असल्या तर नंतरची. माझ्या गाडीला सात होत्या.

अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्याच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वालचंद हिराचंद जन्मले सोलापूरला, १८८२ साली. आमच्या नीरेच्या पलीकडं इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच. त्यांनी लढाईच्या दिवसातच क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातनं गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ह्या ट्रका तिथल्याच. दुसरीकडं शिवडीत जनरल मोटर्स १९२८ पासून शेव्हरोले जोडत होती, फोर्डही मुंबईत होती. पण नुसते भाग आणून जोडू नका, इथंच बनवा, असं सरकारनं पन्नासच्या दशकात सांगितल्यावर ह्या दोघांनी गाशा गुंडाळला. फार्गो मात्र राहिली. माळीनगरच्या रस्त्यानं पोती घेऊन कण्हत जाणारी फार्गो मी शाळकरी असताना बघितलेली आहे. तिच्या बोनेटवर झोपून दुरुस्ती करणारा ड्रायव्हर तर फार वेळा बघितला.

तर जीप. १९५२ ला समूहविकासाच्या योजना आल्या, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि जीप म्हंजे सरकार असं समीकरण झालं. बीडीओची जीप, आरोग्य खात्याची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसरची जीप. आरोग्य खात्याची जीप वस्तीकडं वळली की काही गडी उसात पळायचे, कारण आणीबाणीत ती नसबंदीला माणसं गोळा करते अशी बोलवा होती. निवडणुकीत तीच जीप कर्णा लावून यायची. शेतकऱ्याच्या दारात स्वतःची जीप म्हंजे तो बागायतदार, पुढारी, नाहीतर ठेकेदार.

आमच्यासारख्याच्या दारात ती यायला लागली दोन कारणांनी. एक म्हंजे सरकारी खाती जुन्या जीपा लिलावात काढू लागली. दुसरं म्हंजे १९७३ साली अरबांनी तेल आवळलं आणि पेट्रोल महागलं. पेट्रोलची जीप पाणी प्यावं तसं पेट्रोल प्यायची. लिलावातली गाडी स्वस्तात मिळायची, पण पोसायची कुणी? तेव्हा मिस्त्री लोकांनी तोड काढली. पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि डिझेल चढवायचं.

डिझेल इंजिन कुठलं, तर जे भंगारात मिळेल ते. कुणी मद्रासच्या सिम्पसन कंपनीचं पर्किन्स बसवायचं. आमच्या बाजूला जास्त चालायचं ते बी-२७५ ट्रॅक्टरचं. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शिकागोची कंपनी, तिचा हा विलायतेत बनणारा ट्रॅक्टर, आणि साठच्या दशकात तो मुंबईला कांदिवलीत बनायला लागला. पस्तीस घोड्यांचा. काळ्या रानात नांगर ओढून ओढून ट्रॅक्टर खिळखिळा व्हायचा, पण इंजिन बोअर-पिस्टन करून परत उभं राहायचं. अशी ती इंजिनं जीपमध्ये यायची.

हे काम वरवर दिसतं तसं सोपं नाही. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत म्हणून मध्ये लोखंडाची जाड प्लेट लेथवर कातून घालायची. फाउंडेशन नवीन वेल्डिंग करायचं. ट्रॅक्टरचं इंजिन वजनदार, म्हणून पुढच्या पाट्यांत एक-दोन पाटे वाढवायचे. रेडिएटर मोठा लागतो. बॅटरी मोठी लागते. आणि एवढं करून गाडीची चाल बदलते ती बदलतेच. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे मारायचं, ट्रॅक्टरचं दोन हजाराच्या आसपासच दमतं. गिअर तेच, म्हणून पळ निम्म्यावर येतो. पन्नासच्या वर काटा गेला की गाडी अशी थरथरते की खिशातली तंबाखूची डबी वाजते. पण ओढ जबरदस्त. आणि डिझेल थोडं.

एक गोष्ट मात्र कुणी बदलायचं नाही. ब्रेक. ते पाव टनाचेच राहायचे.

१९८७ ला मी सत्तावीस वर्षांचा. दहावी होऊन अकरा वर्षं रानात गेली होती. ऊस होताच, पण उसाचं बिल कारखान्याच्या तारखेला. रोजचा पैसा म्हणून मी वांगी, टोमॅटो, गवार लावायला लागलो होतो. माल बैलगाडीनं अकलूजच्या बाजारात न्यायचा म्हंजे पहाटे तीनला उठायचं. पंढरपूरला भाव जास्त, पण तिथं न्यायचं तर एस.टी.च्या टपावर डाग चढवायचे, कंडक्टरच्या मिनतवाऱ्या करायच्या आणि खाली उतरेपर्यंत निम्मा टोमॅटो चेचलेला. माझ्या डोक्यात पिकअप गाडी शिरली ती तिथनं.

आण्णांना, म्हंजे माझ्या वडलांना, हे पटत नव्हतं. त्यांची खिलारी जोडी होती. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातनं दोन दातांची आणून त्यांनी पोराासारखी वाढवलेली. आमचा खिलार म्हंजे पांढरा, ताठ, मागं वळलेल्या शिंगांचा, जरा तापट. त्या जोडीच्या जोरावर आण्णांनी दोन एकर माळ काढला होता. ते म्हणाले, ‘बैल रातच्याला रवंथ करतंय, दुसऱ्या दिशी तयार. तुझं हे इंजिन काय रवंथ करणार?’ पण महिनाभरानं त्यांनीच जोडी विकली. साडेआठ हजार आले. माझ्या हातावर ठेवताना काहीच बोलले नाहीत. बाकीचं उसाच्या बिलातलं आणि थोडं आईच्या पाटल्यांवरचं.

गाडी बघायला गेलो मी, आण्णा, अकलूजचा एक मिस्त्री आणि तात्या. तात्या आमचे सालगडी. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना तात्या म्हणायचो. मिस्त्रीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं की ठेकेदाराला येणार असं कळवायचं नाही आणि सकाळी सहाच्या आत पोचायचं. कारण डिझेल इंजिनाची खरी परीक्षा गार असताना. मालकानं आधी चालू करून ठेवलं की ते गरम होतं आणि दुखणं झाकतं. आम्ही पोचलो तर ठेकेदार मिसरी लावत होता.

मिस्त्रीनं बोनेटवर हात ठेवला. गार. मग सेल्फ मारला. चौथ्या झटक्याला इंजिन उठलं, पांढरा धूर आला आणि दोन मिनिटांत विरला. ते चांगलं. विरला नसता तर इंजिन संपलेलं. मग त्यानं ऑइल टाकायचं झाकण काढून तळहात धरला. तिथनं जोरात वाफ यायला लागली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायच्या. थोडी आली. ‘वर्ष-दोन वर्षं काढंल,’ तो हळूच म्हणाला. खाली निजून चेसी बघितली. जिथं लांब केली होती तिथं आतनं चॅनेलचा तुकडा घालून वेल्डिंग केलेलं होतं, नुसतं टोकाला टोक लावलेलं नव्हतं. जॉइंटला खेळ होता. पुढचं चाक उचलून हलवलं तर किंगपिनमध्ये ढिलाई. पुढच्या डाव्या पाट्याला एक बारीक चीर होती. मिस्त्री म्हणाला, ‘हे बदलून घ्या.’ मी हो म्हणालो.

आण्णा गाडीभोवती फिरले. बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा त्यांनी पत्र्यावर हात फिरवला, मागच्या हौद्यात चढून दोन उड्या मारल्या आणि मला म्हणाले, ‘दात बघितलं का हिचं?’

दात म्हंजे पुस्तक. ते मी बघितलं होतं. बुकातला इंजिन नंबर पेट्रोल इंजिनचा होता. समोर डिझेल घुरघुरत होतं. मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘सोलापूरला एकदा जाऊन चढवून घ्या. सगळ्यांच्या अशाच आहेत.’ आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या तालुक्यात तेव्हा अशा कितीतरी गाड्या पळत होत्या, बुकात एक आणि बोनेटखाली दुसरंच. वाहनाच्या मूळ रूपात बदल केला तर तो नोंदवायचा, हा कायदा १९३९ च्या मोटार कायद्यातही होता. कुणी नोंदवत नव्हतं. मीही मनात म्हणालो, करू पुढच्या महिन्यात.

सौदा आण्णांनी केला. बैलबाजारात दलाल टॉवेलाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवतात, तसं. ठेकेदारही त्याच मातीतला, त्यानं लगेच हात पुढं केला. टॉवेलाखाली काय चाललंय ते मला कळेना. एकतीसवरनं साडेसत्तावीसवर आलं. येताना आण्णा पुढं बसले नाहीत. तात्यांच्या शेजारी मागं हौद्यात, तोंड मागं करून, फलटणचा रस्ता लांब जाताना बघत बसले.

पुढची तीन वर्षं त्या गाडीनं आम्हाला खूप दिलं. मी आणि तात्यांनी हौद्याच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या फळ्या बसवल्या, म्हंजे डाग जास्त रचता यायला लागले. पंढरपूरला आठवड्याला तीन फेऱ्या व्हायच्या. शेजाऱ्यांचा मालही मी न्यायचो, डागामागं पैसे घेऊन. येताना रिकामी गाडी कशाला आणायची, म्हणून माणसं भरायचो. म्हंजे वडापच की. पाव टनाच्या गाडीत मी टनभर माल भरायचो आणि त्यावर माणसं. आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते, रिंगण होतं. तेव्हा आठ दिवस गाडी एका दिंडीच्या सामानाला दिली. त्याचे पैसे आईनं घेऊ दिले नाहीत. एका पावसाळ्यात बहिणीचं बाळंतपण अडलं, रात्रीचे दोन, वस्तीवरचा काळ्या मातीचा रस्ता मांडीएवढा. तेव्हा पायाजवळचा लहान दांडा मी ओढला आणि गाडी मामा म्हणायचा तशीच रस्ता नसल्यासारखी निघाली. ते पोर आज पुण्यात कंपनीत आहे.

पाट्याची चीर बदलायची राहिली होती. सोलापूरही राहिलं होतं. आमच्या इथनं सोलापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. दिवस मोडायचा. आता अकलूजलाच कचेरी झाली आहे, एम.एच. ४५. तेव्हा नव्हती. पण हे कारण म्हणून सांगत नाही. पंढरपूरला मी तीनदा जात होतोच की.

१९९० च्या माघात पंढरपूरहून येत होतो. हौद्यात पेंडेची पोती, वर तात्या आणि आणखी दोघं. वेळापूर सोडून अकलूजच्या रस्त्याला लागलो. एका मोरीवर खड्डा होता, मी ब्रेकवर पाय दिला. एरवीसुद्धा दोन पंप मारल्याशिवाय ब्रेक धरत नव्हता. पहिला पंप वाया गेला, दुसऱ्याला चाक खड्ड्यात आणि पुढनं ‘टण्ण’ असा आवाज आला. डाव्या बाजूचा मेन पाटा तुटला होता. स्टेअरिंग माझ्या हातातनं हिसकलं आणि गाडी चारीत कलंडली. दोघं पाण्यात पडले, त्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. तात्यांच्या मांडीवर पोती आणि पोत्यांवर बाभळीची फळी आली.

मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तोवर १९८८ चा नवा कायदा लागू झालेला होता. त्यातलं ५२ वं कलम हेच सांगतं की मूळ गाडीत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. माझा विमा होता तो खासगी पेट्रोल जीपचा. मी चालवत होतो मालाची, भाड्याची, डिझेलची गाडी. दाद मागायला गेलो असतो तर पहिलं पुस्तक उघडलं असतं. म्हणून मी तात्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, ‘तात्या, बैलगाडीवरनं पडलो म्हणून सांगा.’ वेदनेनं त्यांचे डोळे पांढरे झाले होते. तरी त्यांनी मान हलवली, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तसंच सांगितलं.

रात्री आण्णा आले. कोपऱ्यातल्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी नर्सला वाचायला लावलं. मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

‘बैल तर मी इकला,’ ते म्हणाले. ‘कुठली बैलगाडी?’

मी काही बोललो नाही. ते बराच वेळ खांबाला टेकून उभे होते. मग म्हणाले, ‘कॅनॉलकडंची वीस गुंठं काढ.’

ती वीस गुंठे आमची सगळ्यात चांगली जमीन. मी विकली. सोलापूरला तात्यांचं ऑपरेशन झालं, मांडीत पट्टी घातली. उरलेले पैसे त्यांच्या नावावर पोस्टात ठेवले. ते उभे राहिले, पण डावा पाय दीड इंचानं आखूड झाला. पुढं त्यांना नांगरामागं जाता आलं नाही. विहिरीवरची मोटर, पाणी, राखण एवढं करायचे. मी पगार कमी केला नाही, असं मी लोकांना सांगायचो. तात्या कधी काही सांगायचे नाहीत. त्या बैलगाडीबद्दलही आम्ही परत कधी बोललो नाही.

गाडी उचलून आणली. पाटे चारही नवे घातले, ब्रेकचे ड्रम बदलले, बाजूच्या फळ्या कापून निम्म्या उंचीच्या केल्या, म्हंजे जास्त भरायची इच्छा झाली तरी भरता येऊ नये. आणि सोलापूरला गेलो. इंजिनाचं बिल पाहिजे म्हणाले. ठेकेदाराकडं गेलो, त्यानं भंगारवाल्याचं नाव सांगितलं. भंगारवाल्यानं जुन्या वह्या उपसून दिल्या. चार हेलपाटे झाले, गाडी उभी करून तपासणी झाली, आणि पुस्तकात इंजिनाचा नवा नंबर आणि त्याच्यापुढं ‘डिझेल’ हा शब्द आला. कुणी अडवलं नाही, कुणी पैसेही मागितले नाहीत. चार दिवसांचं काम होतं. तीन वर्षांपूर्वीसुद्धा ते चार दिवसांचंच होतं.

१९९६ ला मी ती गाडी एका वीटभट्टीवाल्याला विकली आणि नवा टेम्पो घेतला. आण्णा त्याच्या आधीच गेले होते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याचा एक पोरगा मला शोधत वस्तीवर आला. तिशीतला, चांगल्या नोकरीचा. जुन्या जीपा घेऊन त्या मूळ रूपात आणायचा त्याला नाद. आता ह्या गाड्यांना मोल आलंय, भंगाराच्या भावात मिळायची ती लाखांवर गेलीय. वीटभट्टीच्या मागं येड्या बाभळीत पडलेली माझी जीप त्यानं घेतली होती. भट्टीवाल्यानं तिचे कागद कसेबसे जिवंत ठेवले होते, आणि पुस्तकात माझं नाव बघून तो आला होता. ट्रकवर घालून गाडीही बरोबर आणली होती. आम्ही ती बघायला गेलो. तात्याही काठी टेकत आले.

पोरगा उत्साहानं सांगत होता. दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात त्याला मूळ पेट्रोल इंजिन मिळालं होतं. ट्रॅक्टरचं हे काढून टाकणार, लांब केलेली चेसी कापून परत आखूड करणार, हौदा उतरवणार. ‘काका, हिच्यात ओरिजिनल काय काय राहिलंय?’ त्यानं विचारलं. मी बघत गेलो. बोनेट, काचेची चौकट, सात फटींची जाळी, पायाजवळचा लहान दांडा. बाकी सगळं कुणी ना कुणी त्याच्या गरजेपुरतं बदललेलं. त्यात मीही आलो.

‘पुस्तक आण,’ मी म्हणालो.

त्यानं आणलं. माझ्या वेळची नोंद होती तशीच होती, डिझेल. मी बोट ठेवून दाखवलं. ‘तू पेट्रोल घालणार. मग हे आधी बदलून घे. रस्त्यावर काढायच्या आधी.’

‘हो काका, करतो पुढच्या महिन्यात.’

‘पुढच्या महिन्यात न्हाय,’ तात्या मागनं म्हणाले. इतका वेळ ते गप्प होते. हौद्याच्या बाजूला जाऊन त्यांनी निम्मी कापलेली बाभळीची फळी हातानं हलवून बघितली. अजून घट्ट होती. ‘आणि ह्या फळ्या काढणार असशील तर हितंच काढ. गोठ्याच्या दाराला व्हत्याल.’

पोरानं गाडीतनं पाना आणला. नट गंजून धरले होते. तात्या म्हणाले, ‘दम धर, रॉकेल घालू,’ आणि घराकडं रॉकेल आणायला काठी टेकत निघाले. मी त्यांच्या पुढं गेलो.